सिंदिया स्कूल, ग्वाल्हेर: फोंड्याहून मुलगा पाठवल्यानंतरचं पहिलं वर्ष

मुलगा सहावीत ग्वाल्हेरच्या सिंदिया स्कूल या निवासी शाळेत गेला, त्याला आता वर्ष होत आलं. इथे गोव्यात, आमच्या फोंड्यात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "सैनिक स्कूल काय?" आणि दुसरा, "सलमान खान शिकला ती?" पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. पण माजी विद्यार्थ्यांची यादी पाहून शाळा ठरवायची असेल तर हा अनुभव तुमच्या फारसा उपयोगाचा नाही. सव्वाशे वर्षांच्या परंपरेतलं मुलाच्या रोजच्या दिवसात नेमकं काय उतरतं, एवढंच मला पाहायचं होतं.

इतिहास थोडक्यात. माधवराव महाराज शिंद्यांनी १८९७ साली शाळा काढली ती सरदारांच्या मुलांसाठी. तिचं नावही सरदार्स स्कूल. १९३३ मध्ये तिची पब्लिक स्कूल झाली आणि एफ. जी. पिअर्स या थिऑसॉफिस्ट प्राचार्यांनी तिला वळण लावलं. ती आहे ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर. हा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता; १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात तो शिंद्यांना परत मिळाला. गोऱ्या पलटणीच्या ज्या बराकी मागे राहिल्या, त्यांत पुढे शाळा थाटली गेली. एवढं माहितीपत्रकातही असतं.

माहितीपत्रकात वाचून जे कळत नाही, ते म्हणजे अस्ताचल. संध्याकाळी मुलं उघड्यावर एकत्र बसतात, समोर सूर्य मावळत असतो, थोडी प्रार्थना आणि बाकी मौन. पाहुण्यांना दाखवायचा हा एक देखणा कार्यक्रम असेल असं मला वाटलं होतं. पण सुट्टीत मुलगा घरी आला तेव्हा दिवेलागणीला टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन बसला. आईने विचारलं, "बरं नाही वाटत का रे?" तर म्हणाला, "बसतो गं जरा." दोन मिनिटं एका जागी न टिकणारा हा मुलगा. आमच्याकडे आजीने तिन्हीसांजेला शुभंकरोती म्हणायला बसवलं की तो मागच्या दाराने पळायचा. शंभर मुलं गप्प बसली की एकशे पहिलाही बसतो, हे घरात जमत नाही. सगळ्या फीमधलं मला सर्वांत वसूल वाटलेलं हेच.

दुसरी गोष्ट हाऊसच्या, म्हणजे मुलं राहतात त्या वसतिगृहांच्या, नावांची. रानोजी, जयप्पा, दत्ताजी, महादजी, दौलत, जयाजी, शिवाजी. लहान मुलांच्या एका हाऊसचं नाव तर कन्हेरखेड. सातारा जिल्ह्यातलं शिंद्यांचं मूळ गाव. आमचा दत्ताजीत आहे. आपण कोणासाठी 'चीअर' करतोय हे कळावं म्हणून दत्ताजी शिंदे जिथे पडले ती बुराडी घाटाची लढाई त्याने स्वतःहून वाचून काढली, १० जानेवारी १७६० ही तारीख त्याला पाठ आहे. सासऱ्यांना याचा भारी आनंद. महादजींचे बक्षी (सेनापती) जिवबादादा केरकर मूळचे गोव्यातल्या केरीचे, त्यांचे दुसरे सरदार लखबादादा लाडही शेणवीच, म्हणजे आपल्याकडचे सारस्वत. तेव्हा ग्वाल्हेर म्हणजे परका मुलूख नव्हेच, असं त्यांचं म्हणणं. जिवबादादांच्या नावाचं हाऊस का नाही, असं शाळेला पत्र लिहायचा त्यांचा बेत आम्ही अजून तरी थोपवून धरला आहे.

गंमत अशी की नावं बहुतेक मराठ्यांची, पण आवारात कानावर पडते ती हिंदी आणि इंग्रजी. यात शाळेला बोल लावायचं कारण नाही, ग्वाल्हेरच आता तसं आहे. शहराच्या लष्कर नावाच्या भागात जुनी मराठी घरं आहेत, पण पोरं हिंदीतच वाढलेली. मुलाच्या मराठीत वर्षभरात हिंदी वळणं आलीत आणि कोकणी तर गंजलीच आहे. याची तयारी ठेवा. आम्ही रविवारच्या फोनवर फक्त मराठी, असा नियम केलाय. तो पाळला जातो, निम्माशिम्मा.

किल्ल्यावर राहण्याचा फायदा मात्र मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. तेली का मंदिर, सास-बहू मंदिरं, मानसिंह तोमराचा महाल, गुरू हरगोबिंदांचा गुरुद्वारा, उरवाही दरवाज्याच्या वाटेवर खडकात कोरलेले तीर्थंकर, हे सगळं जवळपास. पूर्वेच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या नवव्या शतकातल्या शिलालेखात २७० हा आकडा आपण आज लिहितो तसा शून्यासह कोरलेला आहे. गणितात रडणाऱ्या मुलाला तो दाखवला. गुण वाढले नाहीत, पण भेटायला आलेल्या प्रत्येक नातेवाइकाला तो आता आधी तिथेच नेतो.

आता जे जड जातं ते. अंतर. गोवा एक्सप्रेस थेट ग्वाल्हेरला थांबते, पण दीड दिवस लागतो; विमानाने दिल्ली गाठून पुढे रेल्वे धरली तर खिसा रिकामा. हवा टोकाची. गोव्याच्या पोराला रजई ठाऊक नव्हती आणि तिथला जानेवारी हाडं गोठवतो, तर मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास. आणि चवथ, म्हणजे आमची गणेश चतुर्थी. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला, आरतीला तो नव्हता. बायकोने नेवऱ्या (करंज्या) केल्या, पण हात चालत नव्हता तिचा. घरात चवथ मोठी असेल तर प्रवेशाआधी नवराबायकोने या एका मुद्द्यावर नीट बोलून घ्यावं. फी, अभ्यास, खेळ यांची चर्चा त्यानंतर.

शिक्षण सीबीएसईचं आहे. त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. तेवढ्यासाठी मूल इतकं लांब पाठवू नये. फी लाखांत आहे, हे गृहीत धरा. प्रवेशासाठी इथल्या एका सल्लागाराला आम्ही पैसे मोजले, त्याने दिलेली बहुतेक माहिती शाळेकडे मागितली तर तशीच मिळाली असती.

शाळा फक्त मुलांची आहे. मुलीसाठी पाहत असाल तर ग्वाल्हेरातच, किल्ल्याखाली, विजयाराजे शिंद्यांनी १९५६ मध्ये काढलेलं सिंदिया कन्या विद्यालय आहे. धाकटीसाठी आम्ही ते बघून आलो. ती म्हणते, "मी चवथ सोडून कुठे जायची नाही." तिचा प्रश्न तूर्त मिटला.