शिबिरासाठी २० फुटी पॅराशूट : उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा वापर

मार्चमध्ये ऑनलाइन मागवलेलं खेळायचं पॅराशूट, म्हणजे सगळ्यांनी कड धरून वर-खाली फुगवायचं मोठं गोल कापड, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वापरून झालं. आता त्याबद्दल लिहायला हरकत नाही; आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसतं रंगांचं कौतुक झालं असतं. व्यास २० फूट, कापड नायलॉनचं, कडेला धरायला पट्ट्या, मधोमध जाळीचं भोक. किंमत दोन-अडीच हजारांच्या दरम्यान. कोल्हापुरात शिवाजी पेठेत एका तालमीच्या हॉलमध्ये आणि शेजारच्या पटांगणात आम्ही सहा ते बारा वर्षांच्या मुलांचं उन्हाळी शिबिर घेतो, तिथं ते चाललं.

घेण्याचं कारण एकच, रांग. लिंबू-चमचा घ्या, गोणपाटाची शर्यत घ्या, एक जण खेळतो आणि बाकीचे उभे. ढकलाढकली, चिमटे, रडारड सगळी त्या उभ्या पोरांत सुरू होते. आमच्याकडे मर्दानी खेळ शिकवायला वस्ताद येतात. लाठी फिरवायची तर प्रत्येकाभोवती मोकळी जागा लागते, म्हणून ते एका वेळी आठ-दहा मुलंच घेतात, आणि ते बरोबरच आहे. उरलेल्या वीस जणांना आम्ही चित्रांचे कागद द्यायचो. पाच मिनिटांत सुरू, ‘‘ताई, आमचा नंबर कवा?’’

पॅराशूटला नंबरच नसतो. सगळे एकदम धरतात. २० फुटी कापडाचा परीघ साधारण ६३ फूट, म्हणजे ३० मुलं उभी केली तरी प्रत्येकाला दोन फूट जागा मिळते. पण मुलं पंधराच्या खाली आली की कापड मध्ये लोंबतं आणि नीट फुगत नाही. अपार्टमेंटमधल्या दहा-बारा मुलांसाठी हे घेऊ नका, १२ फुटी घ्या.

सोबत आलेल्या कागदावर दहा-बारा खेळ होते. टिकले तीन. पहिला, प्लास्टिकचे हलके चेंडू मध्ये टाकून कापड हलवायचं आणि ते लाह्यांसारखे उडवायचे. टेनिसचा चेंडू नको, तो उडून तोंडावर बसतो. जुन्या मोज्यांचे गोळे उत्तम. दुसरा, ‘एक, दोन, तीन, वर!’ म्हणत कापड डोक्यावर न्यायचं आणि कड पाठीमागे ओढून सगळ्यांनी आत बसायचं. तंबू म्हणतात पोरं त्याला. तिसरा सर्वांत आवडता. कापड वर गेलं की मी ओरडायचं, ‘‘ज्याच्या डब्यात आज पोहे!’’ आणि त्या पोरांनी खालून पळत जाऊन जागा बदलायची. मात्र एका वेळी चार-पाचच जणं पळतील असंच काहीतरी पुकारावं, नाहीतर मधोमध डोक्याला डोकं आपटतं. डब्यात पोहे बहुतेकांचेच असतात, त्यामुळे पुढे पुढे मी ‘कांदा नसलेले पोहे’ असं बारीक करत गेले. कागदावरचा मांजर-उंदीर, म्हणजे एकानं कापडावर चढून खालच्याला पकडायचं, आम्ही घेतच नाही. कापडावर चढू दिलं की शिलाई गेलीच.

लाजरी मुलं यात आपोआप येतात. चेंडू झेलायला पुढे न होणारं पोर कड धरायला मात्र उभं राहतं, कारण त्याच्याकडे कुणी बघत नसतं. अकरा-बारा वर्षांच्यांना दोन दिवसांत कंटाळा येतो, मग ते मुद्दाम जोरात ओढतात आणि समोरचं लहान पोर पालथं पडतं. एक मोठा, एक लहान असं उभं करायचं आणि पुकारायचं काम मोठ्यांकडे द्यायचं, एवढ्यानं ते थांबलं. पट्टी मनगटाला गुंडाळायची नाही, हे रोज सांगावं लागतं. दहा-पंधरा मिनिटांवर ताणूही नये, लहानांचे खांदे दुखतात.

आता पंखा. विक्रेत्याच्या जाहिरातीत ‘घरात-बाहेर दोन्हीकडे’ असं लिहिलं होतं. २० फुटी कापड फुगलं की आमच्या हॉलच्या छतापर्यंत पोचतं, आणि छताला पंखे आहेत. म्हणजे पंखे बंद. मे महिन्यात पत्र्याच्या हॉलमध्ये पंखे बंद करून तीस पोरं! त्यामुळे वेळापत्रकच फिरवलं. सकाळी सात ते पावणेआठ पटांगणावर लाठी आणि पॅराशूट शेजारीशेजारी, दर पंधरा मिनिटांनी लाठीची तुकडी बदलायची. उन्हं चढायच्या आत पोरं आत, कोकम सरबत, आणि मग बसून करायची कामं. वारं सुटलं की पॅराशूट गुंडाळून ठेवायचं, वळवाच्या आधीचं वारं पोरांना फरफटत नेईल इतकं जोरात असतं.

बाकी कामांनाही आता मी हाच प्रश्न लावते, की आत्ता किती जण नुसते उभे आहेत? कुंभार गल्लीतून आणलेल्या शाडूच्या गोळ्यांना रांग नाही. टाऊन हॉलच्या संग्रहालयात सगळ्यांना एकामागून एक फिरवण्याऐवजी पाच-पाच जणांना ‘शोधा’ असे कागद दिले. ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती शोधताना जो कल्ला झाला! ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेकाठी कसा आला, हे मग त्यांनी स्वतःहून विचारलं आणि रोमशी चालणाऱ्या व्यापाराची गोष्ट आयती ऐकली.

टिकाऊपणा मध्यम. रंग उन्हानं थोडे विटले, त्याचं काही नाही. पट्ट्यांची शिलाई मात्र मे संपायच्या आत चार-पाच ठिकाणी उसवली. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. साध्या शिंप्याच्या मशीनवर पट्टीची जाड घडी बसेना. शेवटी मंडपवाल्याकडून नायलॉनच्या दोऱ्यानं दुहेरी शिवून घेतली, ती अजून आहे. नवं घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी हे करून घ्यावं. पावसाळ्यात रविवारच्या बालवर्गात ओल्या पटांगणावर वापरलं. नायलॉन लवकर वाळतं, पण घाईत दमट घडी घातली की आठवड्यात कुबट वास येतो. ठेवायला झाकणाचा पत्र्याचा डबा हवा, कापडी पिशवीला तालमीतले उंदीर जुमानत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत ते जेमतेम उघडलं गेलं. पोरं किल्ल्याच्या चिखलात कोपरापर्यंत गेलेली, त्यांना पॅराशूट कशाला लागतंय?

वीस-तीस मुलं, मोकळं पटांगण आणि सोबत दोन मोठी माणसं असतील तर घ्यावं. फक्त हॉल असेल तर आधी टेप घेऊन छताची उंची मोजा. पुढच्या मार्चमध्ये मी दुसरं १२ फुटी घेणार आहे, सहा-सात वर्षांच्यांसाठी वेगळं. पट्ट्या मंडपवाल्याकडून आधीच शिवून.