ब्लाउजला कलमकारी: मछलीपट्टणची की श्रीकालहस्तीची?

बेळगावकडच्या शहापूर-वडगावच्या साडीवर कलमकारी, म्हणजे हातानं चितारलेल्या किंवा ठशांनी छापलेल्या कापडाचा, ब्लाउज शिवायचा म्हटलं की दुकानदार दोन प्रकार पुढे टाकतो. दोन्ही आंध्रचे, काम मात्र निराळं.

मछलीपट्टण हे बंदर. सतराव्या शतकात डच-इंग्रजांची जहाजं इथून छापील कापड नेत. आज छपाई मुख्यतः शेजारच्या पेडणात चालते, सागवानी ठशांनी. कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधाच्या पाण्यात बुडवून वाळवतात. हिरड्यातलं टॅनिन रंग धरून ठेवतं, दुधातल्या स्निग्धतेमुळे तो पसरत नाही. दूध घालताना हात आखडला की छापलेल्या रेघेच्या कडा फुटतात; पीस घेताना तेच बघा. काळा रंग लोखंडाचा गंज आणि गुळाचा. लाल हवा तिथं तुरटीचा ठसा मारून कापड रंगात उकळतात.

श्रीकालहस्तीत ठसाच नाही. चिंचेच्या कोळशानं आखणी, मग बांबूची कलम. तिला गुंडाळलेली लोकर दाबली की रंग उतरतो. एका पिसावरचे दोन मोरसुद्धा हुबेहूब नसतात. म्हणून किंमत चढी, आणि एक मीटरच्या ब्लाउजपिसात कात्री नेमकी चितारलेल्या देवाच्या चेहऱ्यावरून जाते. हे काम ओढणीला किंवा भिंतीला घ्यावं. ब्लाउजला मछलीपट्टणच बरी.

ठशांचे सांधे मीटरभर कुठेच हुकलेले नसतील तर स्क्रीन प्रिंट समजा. धुणं दोन्हींचं सारखंच: वेगळं, थंड पाण्यात, वाळवणं उलटं करून सावलीत. लिंबू-चिंच सांडली तर लगेच धुवा. आंबटानं लोखंडी काळा विटतो.