'द डिसायपल': तालमीच्या खोलीतलं खरंखुरं चित्र

मी संध्याकाळी शास्त्रीय गाण्याचे क्लास घेते. त्यामुळे गाण्यावरचा सिनेमा लागला की माझं लक्ष आधी हातांकडे जातं. तानपुरा धरलाय कसा, बोटं तारांवर नीट पडतायत ना. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'मध्ये (२०२०) एकदाही खटकलं नाही, कारण गाणाऱ्यांच्या भूमिकेत गाणारीच माणसं घेतलीत. शरद नेरूळकर झालेला आदित्य मोडक स्वतः गायक आहे. गुरुजींच्या भूमिकेतले अरुण द्रविड तर किशोरीताई आमोणकरांचे शिष्य.

गोष्ट मुंबईतली. शरदला मोठा गवई व्हायचंय. वडिलांचं राहून गेलेलं स्वप्नही त्याच्याच खांद्यावर आहे. रात्री रिकाम्या रस्त्यांवरून तो संथपणे बाइक चालवतो आणि कानात माईंची व्याख्यानं चालू असतात. माई म्हणजे गुरुजींच्या गुरू. पडद्यावर त्या दिसत नाहीत, ऐकू येतो तो फक्त आवाज, आणि तो दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. ३० एप्रिल २०२१ ला सिनेमा नेटफ्लिक्सवर आला, त्याच्या काही दिवस आधीच सुमित्राताई गेल्या. तो आवाज ऐकताना आजही मला भरून येतं.

'व्हिप्लॅश' या ड्रम शिकणाऱ्या मुलावरच्या इंग्रजी सिनेमातला मास्तर शिव्या देतो, खुर्ची भिरकावतो. इथले गुरुजी तसलं काही करत नाहीत. चुकलं की थांबवतात, स्वतः गाऊन दाखवतात, पुन्हा म्हणायला लावतात. शरद त्यांचे पाय चेपतो, त्यांना डॉक्टरकडे नेतो, मैफलीत मागे बसून तानपुरा छेडतो. एवढं सगळं करूनही सूर हवा तिथे लागत नाही, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मेहनत पुरेपूर, निष्ठा पुरेपूर, पण गाण्यात जीव येत नाही. शिकवणाऱ्याला हे फार लवकर कळतं. माझ्याकडे पालक विचारतात, "बाई, आमची मुलगी गायिका होईल ना?" मी म्हणते, रियाज करू दे. ते खोटं नाही, पण पुरतं उत्तरही नाही. ते उरलेलं उत्तर द्यायला हा सिनेमा दोन तास घेतो. वेनिसच्या चित्रपट महोत्सवात याच्या पटकथेला पुरस्कार मिळाला, तो योग्यच.

सगळ्यात जास्त बोचलं ते पुढच्या भागातलं एक दृश्य. आता शरद स्वतः शिकवतो. एका विद्यार्थ्याला कॉलेजच्या फ्यूजन बँडमध्ये गायचं असतं आणि परवानगी विचारायला त्याची आई सोबत येते. शरद त्या पोराला असं काही सुनावतो की माय-लेक खाली मान घालून उभे राहतात. स्वतःचं अपयश तो शुद्धतेच्या नावाखाली दुसऱ्याच्या मुलावर काढतो. असे गुरू मी जवळून पाहिलेत, आणि त्यांच्यामुळे गाणं कायमचं सोडलेली मुलंही.

तक्रारी आहेत. बायकांच्या भूमिका फार तोकड्या आहेत. शरदसोबत शिकणारी मुलगी त्याच्यापेक्षा चांगली गाते, तिच्याबद्दल आणखी कळायला हवं होतं. रिअ‍ॅलिटी शोमधून हळूहळू बदलत जाणाऱ्या गायिकेचा धागाही ओळखीचा वाटतो. आणि शरदला गाण्यातून नुसता आनंद झालाय, असा एक क्षण तरी हवा होता. कितीही महत्त्वाकांक्षी असला, तरी एखाद्या पहाटे षड्ज, म्हणजे 'सा', नीट लागतो आणि माणूस खूश होतो. तेवढंही त्याच्या वाट्याला येऊ नये, हे मला पटलं नाही.

शरदच्या एकटेपणाची काही दृश्यं लहान मुलांसोबत बघण्यासारखी नाहीत. पण गाण्याच्या विशारद परीक्षेच्या तयारीला लागलेल्या मोठ्या मुलांना जरूर दाखवा, त्यांच्या आईवडिलांनाही. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र बघू नका, तानपुऱ्याचा खर्ज त्यात पार हरवतो.