दाट स्तन: मॅमोग्राफी की सोनोग्राफी?

पाळी जायच्या सुमारास मॅमोग्राफीच्या (स्तनाच्या क्ष-किरण तपासणीच्या) रिपोर्टवर ‘डेन्स ब्रेस्ट’ असं वाचलं की पोटात गोळा येतो. म्हणजे स्तनात चरबी कमी आणि ग्रंथी-तंतूंचा भाग जास्त. हा आजार नाही. चाळिशीनंतर जवळपास निम्म्या बायकांचे स्तन दाट असतात. हाताला ते कळत नाही, फक्त मॅमोग्राफीत दिसतं.

मॅमोग्राफीत चरबी काळपट दिसते, दाट भाग पांढरा. आणि गाठही पांढरीच! म्हणून दाटपणाच्या ए (सगळ्यात कमी) ते डी (सगळ्यात जास्त) या चार प्रकारांपैकी सी आणि डीमध्ये गाठ लपू शकते. शिवाय दाटपणामुळे कर्करोगाचा धोकाही काहीसा वाढतो. तरीही स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात हे मोठ्या चाचण्यांतून दिसलं ते मॅमोग्राफीनेच. कॅल्शियमचे बारीक कण, जे अगदी सुरुवातीच्या कर्करोगाची खूण असू शकतात, तेही तिलाच नीट टिपता येतात.

सोनोग्राफीत क्ष-किरण नाहीत, स्तन यंत्रात दाबावे लागत नाहीत आणि दाट भागात गाठ बहुधा काळसर उठून दिसते. पण साध्या, निरुपद्रवी गाठींसाठीही बायॉप्सीची (गाठीचा तुकडा काढून तपासण्याची) वेळ जास्त येते. तपासणाऱ्याच्या हातावरही बरंच अवलंबून असतं.

‘दुखत नाही’ म्हणून नुसती सोनोग्राफी करून घेणं मला धोक्याचं वाटतं. आधी मॅमोग्राफी, सी किंवा डी आलं तर जोडीला सोनोग्राफी हवी का, हे डॉक्टरांना विचारा.

पाळी गेल्यावर दाटपणा सहसा उतरतो. पाळी जाण्याच्या त्रासावर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) एकत्रित गोळ्या चालू असतील तर तो वाढू शकतो, तेव्हा तपासणीआधी ते जरूर सांगा.