अझ्टेक चॉकलेट, भिंतीवर माचू पिचू

घोडबंदर रोडला नव्याने निघालेल्या एका कॅफेत नातीने नेलं. नाव लिहीत नाही, पोरं मेहनती आहेत.

मेनूत ‘अझ्टेक हॉट चॉकलेट’, 260 रुपये. जाड मातीचा कप, कडसर कोको आणि मागून घशाशी येणारी लाल मिरची. मला आवडलं, नातीने नाक मुरडलं. साखर मात्र जास्त. अझ्टेकांकडे, म्हणजे मेक्सिकोतल्या जुन्या राज्यकर्त्यांकडे, उसाची साखर नव्हतीच. फेस काढायला ते एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत, आपल्या चहावाल्यासारखं. त्यांच्या उंचावरच्या राजधानीत कोको पिकतही नसे. जिंकलेल्या सखल मुलखातून खंडणी म्हणून यायचा आणि बाजारात त्याच्या बिया नाण्यांसारख्या चालायच्या.

हे घोट घेत नातीला सांगत होते, तेवढ्यात समोरच्या भिंतीकडे लक्ष गेलं. माचू पिचूचा, म्हणजे इन्का लोकांच्या डोंगरावरच्या वस्तीचा, हा एवढा मोठा फोटो! तीस वर्षं इतिहास शिकवलाय, गप्प बसवेना. वेटरला म्हटलं, “अरे बाळा, हे पेरूतलं.”

“पेरूचा ज्यूस संपलाय, आजी.”

मग त्याला उभ्या उभ्या सांगितलं. 1428 मध्ये तेनोच्तित्लान (हीच ती अझ्टेक राजधानी), तेश्कोको आणि त्लाकोपान या तीन शहरांनी एकत्र येऊन अस्कापोत्साल्को या बलाढ्य शहराला नमवलं, तिथून अझ्टेक वर आले. 1438 च्या सुमारास तिकडे दक्षिणेत, पेरूतल्या कुस्कोत, पाचाकुती गादीवर बसला आणि इन्का पसरू लागले. दहा वर्षांचा फरक, पण एकमेकांचं नावही ठाऊक नाही. फोटोच हवा तर तेनोच्तित्लानचा जुना नकाशा लावा म्हटलं: तळ्यातलं बेट, भोवती गाळ रचून केलेले भाजीचे वाफे. आपल्या तलावपाळीच्या पाण्यात मका लावल्यासारखं. नातीला हे फार पटलं.

‘अँडीज वेजेस’ मागवू नका. बटाटा फ्रोजनच होता, आतून गार. इन्काही बटाटा गोठवायचे म्हणा, पण रात्रीच्या हिमात. मग पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचा. हा चुन्यो वर्षानुवर्षं टिके, सरकारी कोठारं त्याने भरलेली असत. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घालणाऱ्या बाईला वेगळं समजवायला नको.

चॉकलेटला चार तारे, भिंतीला एक. बसायला उंच स्टुलं आहेत. गुडघे दुखत असतील तर आतून खुर्ची मागा, हसत आणून देतात.