माळ्यावर उरलेल्या कोऱ्या सीडी-डीव्हीडी: आठ महिने वापरल्यावर

लग्नाचं शूटिंग करायचो तेव्हा डिस्क सुट्या घेत नव्हतो, पन्नासचा डबाच आणायचो. सुरुवातीला एका लग्नाच्या तीन-तीन व्हीसीडी (व्हिडिओच्या सीडी) निघायच्या, पुढे सगळं एका डीव्हीडीत बसायला लागलं, आणि शेवटी शेवटी नवरीचे वडीलच पेनड्राइव्ह घेऊन यायचे. स्टुडिओ आवरला तेव्हा सीडी-आरचे, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या कोऱ्या सीडींचे, दोन सीलबंद डबे आणि डीव्हीडी-आरच्या एका फोडलेल्या डब्यातल्या ३८ डिस्क तशाच माळ्यावर गेल्या. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्या खाली आल्या. भंगारवाल्याने हात लावला नाही, याला भाव नाही म्हणाला. बायको म्हणाली, "मग वापरा तरी, नाहीतर पुन्हा माळ्यावर टाकू नका." तेव्हापासून वापरतोय.

पहिला वापर सगळ्यांना सुचतो तोच केला. मेहुण्यांची मंगळवेढ्याकडे ज्वारी असते. दाणे भरायला लागले की चिमण्या आणि राघू ताटावर तुटून पडतात. २४ सीडी दोऱ्याला बांधून बांधांवर आणि मधल्या काठ्यांना लटकवल्या. पहिला आठवडा छान गेला. वारा सुटला की सगळ्या रानात लखलखाट, पाखरं वरच्या वर वळायची. दुसऱ्या आठवड्यापासून ती सरावली. महिन्याभराने मी गेलो तर चिमण्या सीडीच्या शेजारच्याच कणसावर बसलेल्या. मेहुण्यांनी पुन्हा गोफण आणि पत्र्याचा डबा काढला.

त्याहून मला खटकलं ते वेगळंच. एक सीडी काढून उन्हात धरली तर तिच्यातून चाळणीसारखा उजेड दिसत होता. सीडीत चकाकणारा थर वरच्या बाजूला, छापील शाईच्या अगदी खाली असतो, त्याच्यावर नुसता लॅकरचा हात. उन्हाने तो फुगतो, आणि चांदीसारखे कपटे सुटून मातीत पडतात. खाण्याच्या पिकात असले कपटे मला नको वाटले. सगळ्या उतरवून आणल्या. टांगायच्याच असतील तर डीव्हीडी टांगा, तिच्यात तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये बंद असतो. तरी मी आता हा सल्ला कुणाला देणार नाही.

खरा उपयोग झाला तो लिहिण्याचा, म्हणजे डिस्क ज्या कामासाठी बनली त्याच कामाचा.

आमच्या आईकडे जुना सीडी प्लेयर आहे. त्याला यूएसबी नाही, एमपीथ्री तो वाचत नाही, साधी ऑडिओ सीडीच लागते. मोबाइलवर गाणी लावून दिली तर मधेच फोन येतो, स्क्रीन बंद होते, आणि ती ठेवून देते. प्लेयरचं बटण मात्र तिच्या बोटांना पाठ आहे. म्हणून घरातल्या जुन्या कॅसेट संगणकावर घेऊन तिच्यासाठी सीडी करायला लागलो. ८० मिनिटांच्या सीडीत ६० ची कॅसेट दोन्ही बाजूंसकट बसते. ९० ची बसत नाही, तिला दोन सीडी लागतात.

त्यात एक कॅसेट आजीची होती, जात्यावरच्या ओव्यांची. मी प्रत्येक ओवी वेगळी तोडली, म्हणजे आईला हवी ती लावता येईल. पहिली सीडी ऐकून ती म्हणाली, "अरे, जातं मधेमधे का थांबतंय?" माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एकेक ट्रॅक सुटा लिहिला की दोन ट्रॅकच्या मधे दोन सेकंदांची शांतता पडते. गाण्यांना ते चालतं. जात्याची घरघर तुटली की ओवीच तुटते. मग अख्खी डिस्क एका दमात लिहायचा पर्याय निवडला, ट्रॅकमधलं अंतर शून्य ठेवलं. आता जातं फक्त आजी त्यात वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घालायला थांबते तिथंच थांबतं. मूठ भरल्याचा, दाणे ओतल्याचा आवाज येतो आणि खुंटा पुन्हा फिरतो. आई तेवढ्या जागेला डोळे मिटून बसते. अशा २२ सीडी लिहायला घेतल्या, त्यातल्या ३ फुकट गेल्या.

डीव्हीडीवर घरचे फोटो आणि घरच्याच लग्नांचं शूटिंग उतरवतोय. माझी एक हार्डडिस्क एका रात्रीत बंद पडली होती, पाच वर्षांचे फोटो गेले, आणि ती हुरहुर अजून आहे. डीव्हीडी-आर एकदा लिहून बंद केली की चुकूनही पुसता येत नाही, व्हायरसला तिच्यावर काही करता येत नाही. मला तेच हवं होतं. डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, संगणक ४.३८ दाखवतो. दोन्ही बरोबरच, मोजायची पद्धत वेगळी. पण मी ४ च्या वर भरत नाही. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, आणि माझ्या जुन्या साठ्यातल्या नापास डिस्क जवळजवळ सगळ्या बाहेरच्या कडेलाच अडकल्या. २६ लिहायला घेतल्या, त्यातल्या ५ वाया गेल्या. १६एक्स वेगाच्या डिस्क ८एक्सने, म्हणजे निम्म्या वेगाने लिहिल्यावर हे प्रमाण कमी झालं.

बाहेरून जोडायचा रायटर घेतलात तर लॅपटॉपच्या थेट पोर्टलाच लावा. मी एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या हबला लावला होता, लिहिताना वीज कमी पडायची आणि डिस्क अर्ध्यात मरायची. विंडोज 'पेनड्राइव्हसारखी वापरायची की प्लेयरसाठी' असं विचारते, तिथे दुसरं निवडा, नाहीतर टीव्हीखालच्या प्लेयरवर ती उघडणार नाही. लिहून झाल्यावर पडताळणी कराच, आणि जमलं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्येही एकदा घालून बघा. नाव टाकायला डिस्कसाठीचं मऊ टोकाचं मार्कर पेन. बॉलपेनने सीडीवर लिहू नका, वरचा ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा वाईट. आणि एवढं करूनही ही एकमेव प्रत ठेवू नका. मी स्वतः लोकांना दिलेल्या जुन्या लग्नांच्या डिस्क परत तपासल्या, काही उघडल्या, काही नाही.

भाची सातवीत आहे, तिच्यासाठी उजेडातले रंग सुटे करून दाखवणारं खोकं केलं, त्यात ३ डीव्हीडी खर्ची पडल्या. कडेला पातळ पातं घालून डीव्हीडी सोलली की दोन चकत्या सुटतात. त्यातली पारदर्शक चकती स्पिरिटने पुसून जांभळा रंग काढायचा. खोक्याला दोन ब्लेडमधली बारीक फट, समोर या चकतीचा तुकडा. डीव्हीडीवरच्या रेघा ०.७४ मायक्रॉन अंतरावर असतात, कोऱ्या डिस्कवरही त्या आधीच कोरलेल्या असतात, म्हणून रंग छान फाकतात. एलईडी दिव्याचा सलग पट्टा दिसला, आणि जुन्या ट्यूबलाइटचे सुटे सुटे पट्टे, त्यात एक हिरवा इतका लख्ख की पोरगी ओरडलीच. सूर्याकडे मात्र हे खोकं कधीच रोखायचं नाही.

चहाच्या कपाखाली ठेवून पाहिल्या, कप घसरतो. रिकामा डबा बायकोने बांगड्यांना घेतला. मधल्या दांड्यावर बांगड्या, वरून झाकण, धूळ नाही. घरात सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच झालं.

डीव्हीडी आता ९ उरल्यात. काकांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट कपाटात आहे, तिला बुरशी धरायला लागलीय. पावसाळा वाढायच्या आत ती उतरवून घेणार आहे.