सात महिने, सोळा सेन्सर: पाच वर्षांच्या लेकीच्या दंडावरचा अनुभव

लेकीला टाइप वन मधुमेह आहे हे गेल्या सप्टेंबरात कळलं. सारखं पाणी मागायची, अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय परत लागली, मग उलट्या सुरू झाल्या आणि दवाखान्यात शुगर ५४०. ते दिवस सांगत बसत नाही. लिहायचंय ते नोव्हेंबरपासून तिच्या दंडावर असलेल्या ग्लुकोज सेन्सरबद्दल. घ्यावा की नाही या घोळात मी दोन महिने काढले. जाहिराती भरपूर वाचल्या, पण रात्री तीन वाजता काय होतं ते कुणी सांगितलं नाही.

वस्तू साधी आहे. दहा रुपयांच्या नाण्याहून जरा मोठी चकती, खाली कातडीत जाणारी बारीक तार. चौदा दिवस चालते. लावताना ‘खट्’ असा आवाज येतो आणि लेक त्या आवाजालाच घाबरते. दुखत नाही असं स्वतःच सांगते. पहिला एक तास आकडा येत नाही, मग फोनवर दिसायला लागतो. पूर्वी दिवसाला सात-आठ वेळा बोट टोचायचो, बोटांची टोकं काळी पडली होती. आता दोनदा, कधी तीनदा.

पण मला विचाराल तर सेन्सरची खरी किंमत आकड्यात नाही, आकड्याशेजारच्या बाणात आहे. ग्लुकोमीटरवर १२० दिसलं की आम्ही खूश होऊन तिला झोपवायचो. आता कळतं की बाण आडवा असलेलं १२० आणि बाण सरळ खाली असलेलं १२० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सरळ खाली म्हणजे शुगर मिनिटाला २ पेक्षा जास्त वेगाने उतरतेय. अर्ध्या तासात ती साठवर येऊ शकते. आमच्या सासूबाईंना आकडे लक्षात राहत नाहीत, पण बाण त्यांनी दोन दिवसांत आत्मसात केला. ‘बाण झोपलाय’, ‘बाण चढतोय’, ‘बाण पडतोय’ ही आता घराची भाषा झाली आहे. त्यांच्या भरवशावर मी परत अर्धवेळ नोकरीला जाऊ शकले.

आता चुका. डिसेंबरात एकदा ५८ दाखवलं, लेक घामेजलेली. ग्लुकोजची पावडर पाण्यातून दिली. दहा मिनिटांनी पाहिलं, ५५. घाबरून परत दिली. पुन्हा ५६, म्हणून वर केळंही भरवलं. तासाभराने २८०! डॉक्टरांनी समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: सेन्सर रक्त मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातलं ग्लुकोज मोजतो. ते रक्तापेक्षा पाच-दहा मिनिटं मागे असतं, आणि शुगर वेगाने बदलत असली की फरक जास्तच जाणवतो. तेव्हापासून शुगर लो झाल्यावर साखर दिली की पंधरा मिनिटांनी बोटच टोचून बघायचं, फोनकडे बघायचंही नाही.

दुसरी गंमत रात्रीची (तेव्हा गंमत वाटली नव्हती). तीनला अलार्म, ५४. धावत जाऊन टोचलं तर ११२. पोरगी सेन्सर लावलेल्या दंडावरच झोपली होती. दाब पडला की आकडा खोटा खाली जातो. कुशीवर वळवलं, वीसेक मिनिटांत सेन्सर ताळ्यावर. शिवाय नव्या सेन्सरचे पहिले चोवीस तास मी त्याच्यावर फारसा विश्वास ठेवत नाही. तिचं वजन १७ किलो, दिवसभराचं सगळं मिळून इन्सुलिन १० ते १२ युनिट. अर्ध्या युनिटाने तिची शुगर सत्तर-ऐंशीने उतरते. चुकीच्या आकड्यावर डोस द्यायला इथे जागाच नाही.

खाण्याच्या बाबतीत मात्र या चकतीने आमचे डोळे उघडले. पोहे हलके, असा आमचा समज. आलेख पाऊण तासात डोंगरासारखा वर. आता इन्सुलिन देऊन पंधरा मिनिटं थांबून मग पोहे, त्यातही शेंगदाणे भरपूर. ज्वारीच्या भाकरीने शुगर वाढत नाही असं आख्खा गोतावळा सांगत होता. वाढते, फक्त सावकाश. पाडव्याला श्रीखंड-पुरी झाली. दोन तासांनी १३०, आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. चार तासांनी २९०. तुपा-तेलामुळे पोट सावकाश रिकामं होतं, इन्सुलिनचा जोर ओसरल्यावर साखर येते. हे बोट टोचून कधी कळलं नसतं, कारण चार तासांनी ती गाढ झोपलेली असायची. आंबा बंद केलेला नाही. तराजूवर मोजून, जेवणाच्या इन्सुलिनमध्ये धरून देतो.

तक्रारी. एक सेन्सर साधारण पाच हजारांना पडतो, महिन्याला दोन. आमच्या विम्यात बसत नाही. एप्रिलच्या नाशिकच्या उन्हात घामाने कडा सुटतात; एक नवव्या दिवशी गळला, एक फ्रॉकच्या बाहीत अडकून निघाला. कंपनीने एक बदलून दिला, दुसऱ्याला नाही म्हटलं. वरून चिकटपट्टी लावली तर टिकतो, पण खाज येते, म्हणून दर वेळी दंड बदलतो. शाळेत फोन तिच्याजवळच लागतो, वर्गाबाहेर राहिला की जोडणी तुटते. बाईंनी जुना फोन टेबलावर ठेवायची परवानगी दिली, हे आमचं नशीब. पैशाची ओढाताण असेल तर कायम न लावता दोन महिन्यांतून एकदा, किंवा डोस बदलताना लावला तरी बरंच शिकायला मिळतं. आमच्या डॉक्टरांनीच तसं सुचवलं होतं. ग्लुकोमीटर आणि पट्ट्या मात्र घरात हव्यातच.

एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ९.१ वरून ७.८ वर आलं. शुगर ७० ते १८० मध्ये राहण्याचा वेळ ४८ टक्क्यांवरून ६६. डॉक्टर ७० टक्के मागतात.

गेल्या आठवड्यात बारशाला गेलो होतो. लेक माझ्या बहिणीजवळ जाऊन अगदी मलूल चेहऱ्याने म्हणाली, ‘मावशी, माझा बाण पडतोय, पटकन लाडू दे.’ बहीण घाबरून ताट घेऊन पळत आली. मी फोन पाहिला. १४३, बाण गाढ झोपलेला. लाडू दिला, पण आधी अर्धं युनिट टोचून.